फ्लॅटपिकर: नंबर लावायच्या फॉर्ममध्ये तारखेला चालेल, वेळेला नको

फ्लॅटपिकर ही तारीख आणि वेळ निवडण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी. एमआयटी परवान्याखाली फुकट मिळते, जेक्वेरीसारखं दुसरं काही सोबत लागत नाही आणि जेएस फाइल जीझिपने दाबून छोटी केल्यावर वीस केबीच्या आत बसते. हा आढावा ४.६.१३ या २०२२ सालच्या आवृत्तीचा आहे.

कसोटीला घेतलेला फॉर्म ठाणे-नवी मुंबईत गल्लोगल्ली लागतो तसाच आहे. नौपाड्यातला किंवा कोपरखैरण्यातला दवाखाना, ओपीडी सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ६ ते ९, रविवार बंद, सणासुदीला सुट्टी. नंबर लावणारे बहुतेक फोनवरून लावतात आणि आईवडिलांसाठी परदेशातून नंबर लावणारी मुलंही कमी नाहीत. अशा फॉर्मवर तारखेसाठी फ्लॅटपिकर चांगलं काम करते, पण ठरावीक दिवस बंद ठेवायचे असतील तरच तिची गरज आहे. वेळ निवडायला मात्र ती लावू नये. कारणं पुढे आहेत.

आधी लायब्ररीशिवाय काय मिळतं ते पाहू. इनपुटचा टाइप ‘डेट’ ठेवला की ब्राउझर स्वतःचं कॅलेंडर देतो. क्रोममध्ये ही सोय २०१२ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०१७ पासून आणि मॅकवरच्या सफारीत २०२१ पासून. स्क्रीनवर तारीख कशीही दिसो, सर्व्हरला वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने जाते: २०२६-०८-०५. इथे आकडे देवनागरीत छापलेत, प्रत्यक्षात इंग्रजी जातात. लस घेतल्याची तारीख, बिलाची तारीख, शेवटच्या तपासणीची तारीख, अशा फील्डना एवढं पुरतं.

त्रास होतो तो दिसण्याचा. क्रोम तारखेचा क्रम ब्राउझरच्या आणि मशीनच्या भाषेवरून ठरवतो, पानावर लँग ॲट्रिब्यूट मराठी दिलं तरी फरक पडत नाही. दवाखान्याच्या काउंटरवरचा विंडोज अमेरिकन इंग्रजीवर असेल तर महिना आधी दिसतो. मग ०५/०८/२०२६ म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे, हे वाचणाऱ्याच्या सवयीवर राहतं. प्लेसहोल्डर, म्हणजे रिकाम्या खान्यातला फिकट नमुना, इथे चालत नाही. खात्रीचा उपाय एकच: फील्डच्या खाली निवडलेली तारीख वारासकट अक्षरांत लिहून दाखवा, ‘बुधवार, ५ ऑगस्ट २०२६’. वार डोळ्यांसमोर आला की चूक तिथल्या तिथे पकडली जाते. हे दहा ओळींचं काम कोणत्याही देखण्या कॅलेंडरपेक्षा जास्त उपयोगी आहे.

मॅक्स ॲट्रिब्यूटही विसरू नका. ते दिलं नसेल तर डेस्कटॉपवरच्या क्रोममध्ये वर्षाच्या खान्यात सहा आकडे टाइप होतात आणि २०२६६ सालचा नंबर लागतो. मॅक्स दिलं की खाना चार आकड्यांवर थांबतो.

मिन आणि मॅक्सने दोन टोकं बांधता येतात, पण मधले रविवार वगळता येत नाहीत. फ्लॅटपिकरचं काम सुरू होतं ते इथे. डिसेबल या पर्यायात तारखांची यादी, ‘पासून-पर्यंत’ अशी जोडी किंवा फंक्शन देता येतं. रविवारसाठी गेटडे शून्य आलं की ट्रू परत करायचं, झालं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या असतात. गणपती-दिवाळीच्या दर वर्षी बदलतात, म्हणून त्या कोडमध्ये लिहून ठेवू नका. सर्व्हरवरून यादी आणा आणि ती बदलायची सोय रिसेप्शनवरच्या ताईंच्या हातात द्या. नाहीतर डॉक्टर अचानक दोन दिवस बाहेरगावी गेले की डेव्हलपरला फोन ठरलेला.

बसवताना एचटीएमएलमध्ये इनपुट ‘टेक्स्ट’ न ठेवता ‘डेट’च ठेवा. फ्लॅटपिकर चालू होताना त्याचा टाइप स्वतः ‘टेक्स्ट’ करून घेते. पण पारसिकच्या बोगद्यात नेटवर्क गेलं आणि जेएस फाइल अर्ध्यात अडकली, तर ब्राउझरचं स्वतःचं कॅलेंडर जागेवर राहतं, फॉर्म रिकाम्या खोक्यासारखा पडून राहत नाही. सर्व्हरला जाणारा फॉरमॅट वाय-एम-डी, त्यात वाय कॅपिटल. लहान वाय दिला तर वर्षाचे दोनच आकडे जातात. लोकांना दिसणारा फॉरमॅट वेगळा हवा असेल तर अल्टइनपुट चालू करून अल्टफॉरमॅटमध्ये दिवस/महिना/वर्ष द्या.

अल्टइनपुट चालू केलं की मूळ फील्ड लपतं आणि शेजारी नवीन फील्ड तयार होतं. आयडी मात्र लपलेल्या फील्डवरच राहतो. त्यामुळे ‘तारीख’ या लेबलवर बोट ठेवलं तर काहीच होत नाही आणि स्क्रीन रीडरला (पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिसणाऱ्या फील्डचं नावच सापडत नाही. ऑनरेडीमध्ये आयडी मूळ फील्डवरून काढून नव्या फील्डवर टाकला की प्रश्न मिटतो. नेम ॲट्रिब्यूट मात्र मूळ फील्डवरच राहू द्या, सर्व्हरला मजकूर तिथूनच जातो.

त्याहून मोठी अडचण ‘रिक्वायर्ड’ची, म्हणजे फील्ड भरणं सक्तीचं करण्याची. अलाउइनपुट (हाताने टाइप करू देणारा पर्याय) बंद असताना, म्हणजे डीफॉल्ट स्थितीत, फ्लॅटपिकर फील्ड रीडओन्ली करून टाकते. एचटीएमएलच्या नियमानुसार रीडओन्ली फील्डची तपासणी ब्राउझर करत नाही. परिणामी रिक्वायर्ड लिहिलेलं असूनही तारखेविना फॉर्म बिनदिक्कत सबमिट होतो. चाचणी करणारा माणूस तारीख भरतोच, म्हणून हे आधी लक्षात येत नाही. अलाउइनपुट ट्रू करा, किंवा सबमिटच्या वेळी सिलेक्टेडडेट्सची लांबी स्वतः तपासा. तारीख कोडमधून भरायची असेल तर व्हॅल्यू थेट बदलू नका, सेटडेट वापरा. दुसरं आर्ग्युमेंट ट्रू दिल्याशिवाय ऑनचेंज चालत नाही हेही ध्यानात ठेवा.

फोनवर फ्लॅटपिकर आपलं कॅलेंडर बाजूला ठेवते आणि फोनचंच दाखवते. हा निर्णय चांगला आहे, बोटांना सवयीचं तेच असतं. पण डिसेबल, एनेबल, रेंज, इनलाइन किंवा आठवड्याचे क्रमांक यांपैकी काहीही वापरलं की फोनवरही तिचं स्वतःचं कॅलेंडर येतं, कारण फोनच्या कॅलेंडरला रविवार वगळा हे सांगायची सोयच नाही. म्हणून सुट्ट्या टाकल्यावर फोनवरची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. दिवसांचे चौकोन पाच इंची स्क्रीनवर बोटाला लहान पडतात, सीएसएसने उंची वाढवून घ्या.

आता वेळ. एनेबलटाइम चालू केलं की तारीख निवडताच वेळेच्या जागी आपोआप १२ वाजतात, कारण डीफॉल्टअवर बारा आहे. माणूस तारखेवर टिचकी मारतो, खालचे तासाचे आकडे पाहतही नाही आणि फॉर्म पाठवून मोकळा होतो. दुपारी १२ ही वेळ ओपीडीत बसते, त्यामुळे कुठलीही तपासणी ती अडवत नाही. महिनाभराने रजिस्टर पाहिलं तर बाराच्या नंबरांची रांग. शिवाय मिनटाइम आणि मॅक्सटाइम मिळून एकच पट्टा आखता येतो. सकाळचं सत्र आणि संध्याकाळचं सत्र, मध्ये पाच तास बंद, हे त्यात मांडताच येत नाही. बारा तासांच्या घड्याळात एएम-पीएमचा गोंधळ वेगळाच, दुपारचे १२ पीएम की एएम हे अनेकांना थांबून आठवावं लागतं.

ब्राउझरचा ‘टाइम’ इनपुटही यातून सोडवत नाही. त्याचा स्टेप सेकंदांत असतो, अर्ध्या तासासाठी १८०० लिहावे लागतात आणि मोजणी मिनपासून सुरू होते. मिन १०:१५ असेल तर १०:१५, १०:४५, ११:१५ याच वेळा चालतात, ११:०० ला फॉर्म चुकीचा ठरतो.

अशा फॉर्मला घड्याळ नकोच. तारीख निवडली की सर्व्हरकडून त्या दिवशीच्या मोकळ्या वेळा मागवा आणि रेडिओ बटणांत मांडा, ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ अशा दोन गटांत. पंधरा मिनिटांचा एक नंबर धरला तर तीन तासांच्या सत्रात १२, दोन्ही मिळून २४ बटणं होतात. एका नजरेत मावतात. भरलेल्या वेळा दिसू द्या पण बंद ठेवा, म्हणजे पुढची मोकळी वेळ कोणती ते कळतं. डेटाबेसमध्ये डॉक्टर, तारीख आणि वेळ या तिघांवर मिळून युनिक इंडेक्स, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारी अट, हवाच. दोन जणांनी एकाच क्षणी एकच बटण दाबलं तर शेवटचा आडोसा तोच.

तारीख एक दिवस मागे जाते ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि दोष लायब्ररीवर जातो. तो बहुतेक वेळा लायब्ररीचा नसतो. फ्लॅटपिकर ऑनचेंजमध्ये जावास्क्रिप्टची डेट वस्तू देते, १५ ऑगस्टची मध्यरात्र, ब्राउझरच्या स्थानिक वेळेत. डेव्हलपर त्यावर टूआयएसओस्ट्रिंग लावतो आणि पहिली दहा अक्षरं कापून घेतो. हे फंक्शन वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नेतं. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून यूटीसीत ती १४ ऑगस्टची संध्याकाळ, १८:३०, होते आणि १४ तारीख साठवली जाते. उपाय सोपा आहे: इनपुटमधला मजकूर जसाच्या तसा पाठवा, किंवा फ्लॅटपिकरचं फॉरमॅटडेट वापरा. ते स्थानिक दिवस-महिना घेतं. डेटफॉरमॅटमध्ये कॅपिटल झेड मात्र लिहू नका, त्याने पुन्हा यूटीसीच जातं.

हीच चूक ‘आज’ काढतानाही होते. मिनसाठी आजची तारीख टूआयएसओस्ट्रिंगने काढली तर रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळात कालची तारीख मिळते आणि उलटून गेलेल्या दिवसाचा नंबर लागतो. दिवसा चाचणी केली तर सगळं बरोबर दिसतं. मजकुरावरून डेट बनवतानाही फरक आहे. नुसती २०२६-०८-१५ दिली तर जावास्क्रिप्ट ती यूटीसी धरते, मागे कॅपिटल टी आणि वेळ जोडली तर स्थानिक. ०५/०८/२०२६ दिली तर ८ मे धरते आणि १५/०८/२०२६ ला इनव्हॅलिड डेट म्हणते. म्हणजे महिन्याच्या १२ तारखेपर्यंत चूक निमूटपणे साठत राहते.

परदेशातल्या मुलांचं गणित यातच येतं. दुबईत बसून मुलाने वडिलांसाठी सकाळी १० ची वेळ निवडली आणि कोडने ती यूटीसीत नेली तर ६ होतात. ठाण्यातल्या काउंटरवर ती ११:३० दिसते, वडिलांचा नंबर दीड तास पुढे. दवाखान्याची वेळ ही दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळाची वेळ. तारीख आणि वेळ साध्या मजकुरात साठवा आणि एसएमएस किती वाजता पाठवायचा वगैरे हिशेबासाठी ‘एशिया/कोलकाता’ हा झोन सर्व्हरवर जोडा. बटणांच्या वर ‘सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार’ असं ठळक लिहा.

मराठीपुरतं बोलायचं तर लायब्ररीसोबत हिंदी भाषेची फाइल येते, मराठीची नाही. ती स्वतः करायला पंधरा मिनिटं लागतात: वारांची सात लांब आणि सात छोटी नावं रविवारपासून, महिन्यांची बारा-बारा, फर्स्टडेऑफवीक शून्य. ऑर्डिनल फंक्शन रिकामा मजकूर परत करेल असं ठेवा, नाहीतर तारखेला इंग्रजी शेपूट लागायची शक्यता राहते. एरियाडेटफॉरमॅटही बदला, तो डीफॉल्टने महिना आधी सांगतो. दिवसांचे आकडे इंग्रजीच राहतात आणि ते तसेच राहू द्यावेत. वर सांगितलेली वारासकटची ओळ इंटल डेटटाइमफॉरमॅटने ‘एमआर-आयएन’ देऊन काढली की आकडे देवनागरीत येतात. ती फक्त दाखवायला, सर्व्हरला पाठवायला नाही. जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला ‘१५’ देवनागरीत दिलं तर उत्तर एनएएन (‘हा आकडा नाही’) येतं, पायथनचं इंट मात्र ते मुकाट घेतं. त्यामुळे एकाच मजकुराला फॉर्म आणि सर्व्हर वेगवेगळी उत्तरं देतात. हाताने टाइप करू देणार असाल तर देवनागरी आकडे आधी इंग्रजीत बदलून घ्या.

जन्मतारखेला फ्लॅटपिकर लावू नका, ब्राउझरचं कॅलेंडरही नको. १९५२ पर्यंत कोण मागे जाणार? दिवस, महिना, वर्ष असे तीन खाने द्या. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळांची डिझाइन पद्धत आठवणीतल्या तारखांसाठी हेच सांगते.

कार्यालयाच्या हॉलसाठी दोन-तीन दिवसांचं बुकिंग घ्यायचं असेल तर रेंज मोड छान दिसतो, पण दोन्ही तारखा एकाच फील्डमध्ये मधल्या शब्दासकट जातात आणि तो शब्द भाषेच्या फाइलमधून बदलतो. सर्व्हरवर तो शब्द धरून तुकडे करण्यापेक्षा ऑनचेंजमध्ये दोन लपलेली फील्ड भरा. पहिली तारीख निवडून कॅलेंडर बंद केलं तर एकच तारीख हातात येते, तीही अडवा.

बूटस्ट्रॅपच्या मोडलमध्ये (पानावर उघडणाऱ्या खिडकीत) ठेवलं तर वर्षाच्या खान्यात टाइप होत नाही, कारण कॅलेंडर बॉडीला जोडलेलं असतं आणि मोडल फोकस आपल्याकडे ओढून घेतं. स्टॅटिक ट्रू करा किंवा अपेंडटूमध्ये मोडलचा एलिमेंट द्या. स्क्रीन रीडरच्या बाबतीत ही लायब्ररी कमजोरच आहे. दिवस हे साधे स्पॅन आहेत, ग्रिडची रचना नाही. दृष्टिहीन व्यक्तीसाठी टाइप करायचा रस्ता उघडा हवा, म्हणूनही अलाउइनपुट ट्रू.

फॉर्म चालू करण्याआधी क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये सेन्सर्स पॅनल उघडा, ठिकाण बदललं की टाइम झोनही बदलतो. सॅन फ्रान्सिस्को निवडून एक नंबर लावा, मग मशीनचं घड्याळ पहाटे दोनवर नेऊन भारतीय वेळेत दुसरा. दोन्ही नोंदी डेटाबेसमध्ये उघडून पाहा: स्क्रीनवर दिसलेली तारीख आणि टेबलातली तारीख अक्षर न् अक्षर सारखी असली पाहिजे.