कॅनडा पीआर, तिघांची फाइल: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

गोव्यात, आमच्या डिचोलीत कुणालाही सांगा की बाहेर सेटल व्हायचं बघतोय, पहिला प्रश्न ठरलेला, "पोर्तुगीज का नाय करत?" खरंय, बाबांचा जन्म 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवा मुक्तीच्या आधीचा, त्यामुळे लिस्बनला पोर्तुगीज नागरिक म्हणून नोंद करायचा मार्ग आम्हालाही मोकळा होता. पण ते नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं, नंतर ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) मिळालं तरी त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही आणि आमच्या कुळागराच्या (पोफळी-नारळाच्या बागेच्या) वाटण्या अजून व्हायच्यात, उद्या काकांचा हिस्सा घ्यायची वेळ आली तर काय करणार? पीआरमध्ये, म्हणजे कायम राहायच्या परवान्यात, पासपोर्ट भारताचाच राहतो म्हणून कॅनडा, एक्सप्रेस एंट्री. यात वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे पॉइंट मोजतात आणि कटऑफच्या वरच्यांना अर्जाचं आमंत्रण येतं. मी, बायको आणि पाच वर्षांचा मुलगा. चौदा महिने झाले, पीआर अजून हातात नाही, पण फाइल आत गेलीय आणि डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकतो.

सुरुवात एजंटपासून केली, तीच चूक. चाळीस हजार ॲडव्हान्स घेतला आणि घरचा कर्ता पुरुष म्हणून मेन ॲप्लिकंट मला केलं. मी हॉटेल लाइनमध्ये, वय 38, साधा पदवीधर. स्कोअर आला 338, तर म्हणतो "होऊन जाईल हो, कटऑफ खाली येतो". दोन महिने त्याच्यावर विश्वास ठेवून बसलो. मग एका रविवारी बायकोनेच सरकारी साइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये स्वतःला मेन आणि मला जोडीदार म्हणून टाकून बघितलं. ती नर्स, एम.एस्सी. झालेली, वय 31. नुसत्या वयाचे तिचे 90 आणि माझे 55, शिक्षणाचे 126 विरुद्ध 112. माझी सख्खी बहीण तिकडे पीआर आहे त्याचे 15 दोन्हीकडे सारखेच. सगळं मिळून तिचा आकडा 467. घर तेच, मुलगा तोच, कागद तेच, फक्त पहिलं नाव कुणाचं एवढाच फरक. वर हेल्थकेअरवाल्यांचे वेगळे ड्रॉ (आमंत्रणाच्या फेऱ्या) निघतात, तो फायदा वेगळा. एजंटला विचारलं तर म्हणे तुम्ही कधी सांगितलंच नाही मिसेस नर्स आहेत. बरं. पैसे परत आले नाहीत. परवानाधारक कन्सल्टंट तिकडच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेच्या यादीत सापडतो, ती ऑनलाइन कुणालाही फुकट बघता येते, हे मला चाळीस हजार देऊन झाल्यावर कळलं. प्रोफाइल बनवायलाही पैसे पडत नाहीत.

पण हे 467 लगेच आले नव्हते. पहिल्या आयईएलटीएसला (इंग्रजीची परीक्षा) तिला लिसनिंग 8, रीडिंग 7, स्पीकिंग 7 आणि रायटिंग साडेसहा. मी म्हटलं अर्धा बँड, काय मोठंसं. हिशेब केला तर 57 पॉइंट खाली, म्हणजे 410! भाषेचे थेट फक्त 7 जातात, पण चारही विषयांत सीएलबी 9 (कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीची पातळी, रायटिंगला त्यासाठी 7 लागतात) नसेल तर शिक्षणाचे आणि अनुभवाचे जे जादा 50-50 मिळतात ते 25-25 वर येतात. परत परीक्षा, परत फी, नाइट ड्यूटी करून आली की डायनिंग टेबलवर निबंध लिहायची आणि मी घड्याळ लावून बसायचो. दुसऱ्यांदा रायटिंग बरोब्बर 7. घाई यासाठी की तिचा 32 वा वाढदिवस जवळ आलेला आणि तिशीपासून चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच पॉइंट कापतात. केक कापायचीसुद्धा भीती.

आता आमच्याकडची खास भानगड. तिच्या डिग्रीवर माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मी नवीन नाव लिहिलं, आधार, पासपोर्ट सगळं त्या नावावर. म्हटलं मॅरेज सर्टिफिकेट जोडलं की झालं. पण गोव्यात आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या, मग मंगळसूत्र, त्यामुळे सर्टिफिकेटवर तिचं माहेरचंच नाव! कागदोपत्री तांदळावरच्या नावाची बाई माझी बायको आहे हे कुठेच नाही, फक्त पासपोर्टवर नवरा म्हणून माझं नाव. शेवटी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं ॲफिडेव्हिट केलं आणि वर एक पत्र लिहून नावांची सगळी कथा सांगितली. ज्यांच्या घरात ही पद्धत आहे त्यांनी हे पहिल्या दिवशी करा.

पैशांचं दाखवणं दुसरं. आमच्या वेळी तिघांसाठी 23,360 कॅनेडियन डॉलर, म्हणजे साधारण पंधरा लाख, आणि ते खेळते पैसे पाहिजेत, बँकेच्या लेटरहेडवर सहा महिन्यांच्या सरासरी बॅलन्ससकट. बाबा जमिनीचा एक-चौदाचा उतारा घेऊन आले, "हे दाखव की त्यांना". जमीन चालत नाही, सोनं चालत नाही. निम्मी रक्कम पतसंस्थेत होती, ती आधीच बँकेत हलवली, बाबांनी दिलेल्या चार लाखांचं गिफ्ट डीड केलं. हे आयटीए (अर्जाचं आमंत्रण) यायच्या आधी करा, कारण आयटीए आली की साठ दिवस मिळतात आणि ते कसे जातात कळत नाही. हिच्या हॉस्पिटलने अनुभवाचा दाखला दिला तो तीन ओळींचा, त्यात कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार काहीच नाही. एचआरच्या चार फेऱ्या. मी दुबईला तीन वर्षं होतो म्हणून तिकडची पण पीसीसी (पोलिसांचा दाखला). मेडिकल आता अर्जाबरोबरच लागतं, ते मुंबईला केलं, थिवीहून रात्री कोकणकन्या पकडली, सकाळी तपासणी, मुलगा दिवसभर समुद्र बघायचा म्हणून रडत होता, गोव्याचा पोरगा!

फी आम्ही भरली तेव्हा मोठ्यांची 1,525 डॉलर प्रत्येकी, मुलाची 260, बायोमेट्रिक्स दोघांचं मिळून 170. सव्वादोन लाखांच्या आसपास.

फॉर्म भरताना एक जागा मात्र टोचली. फॅमिली म्हणजे नवरा-बायको आणि 22 च्या आतली अविवाहित मुलं. बारा वर्षं आम्ही एका चुलीवर जेवतो, तरी आई-बाबा त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी नंतर सुपर व्हिसा, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण एक लाख डॉलर कव्हरचा मेडिकल इन्शुरन्स लागतो आणि आमचं तिकडचं उत्पन्नही दाखवावं लागेल. शिवाय पीआर मिळाली म्हणजे हिला नर्सिंगचं लायसन्स मिळालं असं नाही, ते प्रांताप्रांताचं वेगळं. एजंट लोक हे सांगत नाहीत.

सध्या आईचा पासपोर्ट काढायला घेतलाय, आयुष्यात पहिल्यांदाच. जन्म 1959 चा, साखळीचा, पोर्तुगीज अमदानीतली नोंद. काल दाखला मिळाला, त्यात माहेरचं आडनाव नाईक, स्पेलिंग एन-ए-आय-क्यू-यू-ई. शाळेच्या दाखल्यावर साधं एन-ए-आय-के. आई म्हणते, "अरे, नाईक तो नाईकच ना?" सोमवारी परत नोटरीकडे जायचंय.