रेस्क्यू हुक: पावसाळाभर वापरल्यावर

चाकणच्या आमच्या कारखान्यात २२ केव्हीचा (२२,००० व्होल्ट) पुरवठा आहे. पॅनल रूमसाठी मे महिन्यात रेस्क्यू हुकचा, म्हणजे विजेला चिकटलेल्या माणसाला लांबून ओढून काढायच्या आकड्याचा, किट घेतला. खऱ्या माणसावर वापरायची वेळ आली नाही, येऊही नये. हा अनुभव मॉक ड्रिलचा आणि देखभालीचा.

फायबरग्लासची दांडी, टोकाला माणसाच्या छातीभोवती बसेल एवढा आकडा, त्यावर इन्सुलेशन. दांडीवर एक कड आहे, हात तिच्या मागेच ठेवायचे. दांडीवर ४५ केव्ही छापलंय, पण ते कोरड्या आणि स्वच्छ दांडीसाठी. जुलैत आमच्या भिंतींना ओल येते, वर मशीन शॉपची धूळ. दोन्ही दांडीवर बसले की पृष्ठभागावरून प्रवाह सरकू शकतो. म्हणून दर आठवड्याला सिलिकॉनच्या फडक्याने पुसणं आलं. सोबतच्या पिशवीची चेन अडकते, ती पिशवी बाजूलाच ठेवली. दांडी आता खोलीच्या आत नाही, दाराबाहेर खुंट्यांवर टांगलेली असते. आत अपघात झाला तर आतली दांडी आणायला जाणार कोण?

ड्रिलला बॉयलर सूटमध्ये वाळू भरून 'माणूस' केला. काखेखालून आकडा घातला की पकड बसते, पायाला घातला तर निसटतो. ओढताना रबर मॅट गोळा होते, तिच्या कडा नीट बसवून घ्या. आमच्या पॅनलसमोरच्या बोळात दांडी आडवी फिरतच नाही, सरळ आत घालून सरळच मागे खेचावी लागते. घेण्याआधी टेप लावून जागा मोजाच.

आणि हुक हातात घेण्याआधी ब्रेकर पाडायचा, हे पोरांच्या डोक्यात बसवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. ब्रेकर पाडला तरी इनकमर केबलची, म्हणजे बाहेरून वीज आणणाऱ्या केबलची बाजू जिवंत राहते, वीज साठवणाऱ्या कपॅसिटर बँकेत चार्ज उरतो. म्हणून सप्लाय गेलाय असं वाटलं तरी ओढायचं हुकनेच.

माझी खरी तक्रार हातमोज्यांबद्दल. किटमध्ये लाल लेबलचे निघाले, म्हणजे क्लास ०, फक्त १००० व्होल्टपर्यंतचे. २२ केव्हीला हिरव्या लेबलचे, क्लास ३ लागतात, २६,५०० व्होल्टपर्यंतचे. विक्रेता म्हणतो, "साहेब, हातमोजे ते हातमोजे!" वेगळे मागवले. वापरण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडून बघतो, कुठे फुसफुसलं तर तो जोड बाद. शिवाय दर सहा महिन्यांनी लॅब टेस्ट.

सूचनापत्रक फक्त इंग्रजीत होतं. आम्ही मराठीत फ्लेक्स करून लावला: ब्रेकर, हुक, मग श्वास बघा, नसेल तर सीपीआर, छातीवर ३० दाब आणि २ श्वास, दाब मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने.

दांडी आणि आकडा उत्तम, दुसऱ्या शेडसाठी तोच हुक मागवतोय. किट मात्र नाही, सुटा.