चांदीचं पाणी बनवायचा किट: तारा खऱ्या, कार्ड फेकाफेकी (५ पैकी २ स्टार)

कोपरखैरण्याला राहतो, किट ऑनलाइन मागवला, १,४०० ला पडला. आत दोन चांदीच्या तारा, ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडायचे क्लिप, लाल लेझर आणि एक कार्ड, ज्यावर छापलंय की लेझरची रेघ किती उजळ दिसते त्यावरून पाण्यात सुटलेले चांदीचे कण किती नॅनोमीटरचे ते ओळखा.

तारा वाशीत सराफाकडे मशीनवर लावून बघितल्या, ९९.९ निघाल्या, तिथे मार्क पूर्ण. बोंब आहे ती कार्डाची.

रात्री लाइट घालवून लेझर मारला, कार्डाप्रमाणे ४० नॅनोमीटर आले. मग त्याच ग्लासात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर ओतलं तर रेघ फिकी आणि कार्ड म्हणतं २०! अहो, पाणी ओतून कण लहान कसे होतील, नुसते विरळ झाले ना. शिवाय बारीक कणांचं असं असतं की साइज दुप्पट झाली की विखुरणारा उजेड ६४ पट होतो, म्हणजे मोजके जाडे कण बाकी सगळ्यांना झाकून टाकतात. रेघ दिसली म्हणजे पाण्यात कण आहेत एवढंच कळतं, टिंडॉल इफेक्ट, बस. आणि घरच्या पाण्यात बरीचशी चांदी आयन म्हणून (विजेचा भार असलेले सुटे अणू) विरघळलेली असते, ती लेझरला दिसतच नाही. मी चिमूटभर मीठ टाकलं तर पाणी लगेच दुधाळ, सिल्व्हर क्लोराइड झालं.

त्यापेक्षा रंग बघा. पिवळसर आलं तर कण साधारण बारीक, कारण ते ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा उजेड खातात, करडं गढूळ झालं तर जाडे किंवा गुठळ्या. हाही अंदाजच. खरी साइज मोजणारं डीएलएस मशीनही लेझरच वापरतं, पण ते उजळपणा नाही बघत, कणांच्या थरथरीमुळे उजेड किती भरभर लुकलुकतो ते बघतं. ते डोळ्याने कसं जमणार?

कार्डामागे 'रोज दोन चमचे' असंही लिहिलंय. सासूबाई लगेच म्हणाल्या, बाळाला चांदीच्या वाटीतून भरवतोच की. वाटी वेगळी हो! हे पीत राहिलं तर कातडी निळी-करडी पडू शकते, आर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग परत जात नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) १९९९ मध्येच असल्या औषधांना सुरक्षितही नाही आणि गुणकारीही नाही असं सांगून टाकलंय.

मुलीला टिंडॉल दाखवायला कामी आला म्हणून दोन स्टार. सेलरला कार्डाबद्दल मेसेज केला तर उत्तर आलं, सर रूममध्ये अजून अंधार करून बघा.