क्वेस्ट २, ३एस आणि ३: काही महिन्यांच्या वापरानंतर आराम आणि स्पष्टपणा

व्हीआर (आभासी वास्तव दाखवणारा) हेडसेट खोक्यावरचं रेझोल्यूशन बघून घेतला की फसगत ठरलेली. मेटाच्या क्वेस्ट २ (२०२०) आणि क्वेस्ट ३एस (२०२४) या दोन्हींत प्रत्येक डोळ्याला १८३२ × १९२० पिक्सेल मिळतात, क्वेस्ट ३ (२०२३) मध्ये २०६४ × २२०८. म्हणजे पिक्सेल साधारण ३० टक्के जास्त. डोळ्यांना जाणवणारा फरक मात्र त्याहून बराच मोठा आहे आणि तो पडद्यापेक्षा लेन्सचा आहे.

क्वेस्ट २ आणि ३एस मध्ये फ्रेनेल लेन्स आहे. तिच्यावर गोल गोल खाचा असतात. चित्र मधोमध छान दिसतं, कडेला फिस्कटतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती प्रकाशाच्या तिरीपी पसरतात; सिनेमाची श्रेयनामावली बघताना हे सर्वात जास्त खुपतं. कोपऱ्यातलं काही वाचायचं तर नुसती नजर वळवून भागत नाही, मान वळवावी लागते. क्वेस्ट ३ च्या चपट्या पॅनकेक लेन्समध्ये चित्र जवळजवळ कडेपर्यंत रेखीव राहतं. तिचाही दोष आहे: आतल्या आत परावर्तन होऊन गडद दृश्यातल्या उजळ वस्तूची फिकट सावली शेजारी उमटते. पण काही दिवसांत तिच्याकडे लक्ष जाईनासं होतं. तिरीपींची सवय मात्र कधीच होत नाही. तिन्हींचे पडदे एलसीडी आहेत, म्हणजे मागून सतत उजेड असतो, त्यामुळे काळा रंग राखाडीच दिसतो.

दृष्टीच्या एका अंशात किती पिक्सेल बसतात, हा आकडा जास्त कामाचा. क्वेस्ट ३ मध्ये तो २५ आहे, बाकी दोघांत २०. निकोप डोळ्याला खरी बारीक अक्षरं दिसायला साधारण ६० लागतात. म्हणून क्वेस्ट ३ वर संगणकाचा पडदा मोठा करून ईमेल वाचता येतात, पण तासन्‌तास एक्सेल करायला चांगला मॉनिटरच बरा.

आता आराम. वजनं बघा: २, ३एस आणि ३ या क्रमाने ५०३, ५१४ आणि ५१५ ग्रॅम. कागदावर तिन्ही सारखेच, तरी क्वेस्ट ३ हलका वाटतो. पॅनकेक लेन्समुळे पुढचा डबा चपटा झाला आहे, वजन चेहऱ्याच्या जवळ आलं आहे, त्यामुळे नाकाकडे ओढ कमी बसते. तरीही सोबत येणारा कापडी पट्टा तिन्हींचा कमकुवतच. अर्ध्या तासात गालांवर दाब येतो. मग लोक बाजूचे पट्टे आणखी आवळतात आणि डोकं दुखवून घेतात.

बसवायची पद्धत अशी. सगळे पट्टे सैल करा. आधी हेडसेट चेहऱ्याला लावा, मग मागचा पट्टा खाली ओढा. तो डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली बसला पाहिजे, वर नाही. वजन वरच्या पट्ट्याने पेलायचं, बाजूचे फक्त घसरू नये एवढेच ताणायचे. शेवटी मेनूतल्या बारीक अक्षरांकडे बघत डबा दोन-तीन मिलिमीटर वर-खाली सरकवा आणि अक्षरं सर्वात रेखीव दिसतील तिथे थांबा. चित्र धूसर असल्याची निम्मी तक्रार इथेच मिटते, कारण डबा नाकावर घसरला की डोळा लेन्सच्या मध्यावरून सुटतो. फ्रेनेलमध्ये याला अजिबात माफी नाही.

त्यानंतर दोन बुबुळांमधलं अंतर. दोन लेन्समधलं अंतर त्याच्याशी जुळवायचं. चष्म्याच्या दुकानात ते मोजून मिळतं. क्वेस्ट ३ ला चाक आहे, ५८ ते ७१ मिमीपर्यंत हवं तिथे लावता येतं. २ आणि ३एस मध्ये तीनच जागा आहेत: ५८, ६३, ६८. अंतर ६५-६६ असेल तर ६३ आणि ६८ दोन्ही लावून, एकेक डोळा मिटून अक्षरं तपासा. ही सेटिंग चुकली की डोळ्यांवर ताण येतो आणि दोष उगाच गेमला मिळतो.

पट्ट्यावर वेगळे पैसे खर्च करायचेच असतील तर मागे बॅटरी असलेला कडक पट्टा घ्या. एकूण वजन वाढतं, पण पुढच्या डब्याला मागून तोल मिळतो आणि एका चार्जवर वापरायचा वेळही वाढतो. नुसत्या क्वेस्ट ३ ची बॅटरी दोन तासांच्या आसपासच टिकते. कपाळावर टेकणारे गोल पट्टे गालांना पूर्ण मोकळे सोडतात. मात्र खालून उजेड शिरतो, आणि उड्या मारायच्या गेममध्ये डबा हलतो. तोल सांभाळण्यासाठी मागे बॅटरी लागते, त्यामुळे आडवं पडून सिनेमा बघणाऱ्यांनी मात्र साधा कापडी पट्टाच ठेवावा.

चष्मा असेल तर क्वेस्ट ३ ची चेहऱ्याची चौकट चार टप्प्यांत पुढे-मागे होते. क्वेस्ट २ मध्ये वेगळी पट्टी घालावी लागते. दोन्हीकडे धोका एकच: चष्म्याची काच लेन्सला घासली की ओरखडा कायमचा. हेडसेटच्या लेन्सवर चष्म्याच्या नंबराच्या जोडलेन्स बसवून घेणं हा खात्रीचा उपाय.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत, त्यातही एसीच्या खोलीतून काढलेल्या हेडसेटवर वाफ धरते. घालण्याआधी पाच मिनिटं नुसता चालू करून ठेवावा, लेन्स कोमट झाली की वाफ धरत नाही. फोमची गादी घाम पिते आणि वास मारते. व्यायामासाठी वापर असेल तर पुसता येणारं सिलिकॉनचं आवरण हवंच. क्वेस्ट २ च्या मूळ फोममुळे काहींच्या त्वचेला त्रास झाल्याने २०२१ मध्ये मेटाने सिलिकॉनची आवरणं मोफत दिली होती, तेव्हा जुना हेडसेट विकत घेताना ते आवरण आहे का बघा.

इतर पर्यायांपैकी सोनीच्या पीएसव्हीआर२ (प्लेस्टेशनचा हेडसेट) चा ओएलईडी पडदा, ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो किंवा विझतो, खरा काळा दाखवतो, पट्टाही आरामशीर आहे, पण लेन्स फ्रेनेलच. ॲपल व्हिजन प्रो चित्रात सर्वांच्या पुढे आहे. पहिल्या मॉडेलचं वजन ६०० ते ६५० ग्रॅम आणि बॅटरी वेगळी, खिशात ठेवायची. व्यायाम आणि गेम एवढंच करायचं असेल तर ३एस पुरतो. वाचायचं, सिनेमे बघायचे असतील तर क्वेस्टमधला ३ सोडून दुसरा घेऊ नये.

लेन्स कोरड्या मायक्रोफायबरने मधून कडेकडे गोल पुसा, स्पिरिट किंवा काच पुसायचा स्प्रे नको. आणि खिडकीपाशी लेन्स वर करून हेडसेट ठेवू नका: लेन्स भिंगासारखं ऊन गोळा करते, आणि थोड्या वेळात पडद्यावर पडलेला जळका डाग नंतर निघत नाही.