स्टिकर १.५ अँपिअरचा, मोटर ०.४ ची

चित्र काढणारा छोटा रोबॉट घरीच बांधायचा म्हणून मी सांगलीतल्या एका विक्रेत्याकडून दोन नेमा १७ मापाच्या स्टेपर मोटरी (ठराविक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपनं, फिरणाऱ्या) आणि त्यांना करंट पुरवणारे ए४९८८ ड्रायव्हर बोर्ड घेतले. मोटरींवर '१.५ अँपिअर' असा कोरा करकरीत स्टिकर. बिल मागितलं, तर "बिलाला जीएसटी लागंल की सर" म्हणाला. मी सोडून दिलं, तिथंच चुकलो.

लेकीला गणपती काढून हवा होता. पेन सोंडेपर्यंत नीट यायचं. वळणावर मोटर घरघरायची, स्टेप चुकायची आणि पुढची रेघ तीन-चार मिलिमीटर बाजूला पडायची. विक्रेता फोनवर म्हणाला, "करंट कमी पडतोय, वाढवा की." ड्रायव्हरवर आर१०० रेझिस्टर, म्हणजे ०.१ ओहम; व्हीरेफला, म्हणजे बोर्डावरच्या बारक्या स्क्रूनं ठरणाऱ्या व्होल्टेजला, ०.८ ने (८ गुणिले ०.१) भागलं की करंटची मर्यादा मिळते. मी ०.८ व्होल्टवर, म्हणजे १ अँपिअरवर होतो. स्क्रू फिरवत १.२ व्होल्टपर्यंत नेलं, पंखाही लावला. काडीचा फरक नाही. मग त्यानं ड्रायव्हर खराब ठरवले आणि नवे गळ्यात मारले. एकदा नाही, दोनदा.

खूण समोरच होती. एवढ्या करंटला ड्रायव्हरवर बोट टेकवत नाही, माझे मात्र जेमतेम कोमट.

शेवटी वीज बंद करून मोटर सोडवली (चालू असताना वायर काढली तर ड्रायव्हर जातो) आणि कॉइलला, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याला, मल्टिमीटर लावला. ३० ओहम! माझा सप्लाय १२ व्होल्टचा. १२ भागिले ३०, म्हणजे ०.४ अँपिअर. स्क्रू कितीही पिळा, त्यापुढं करंट जाणारच नाही. १.५ अँपिअरच्या मोटरीची कॉइल दोन-तीन ओहमची असते. स्टिकरचा कोपरा नखानं उचकटला, तर खाली दुसरा, पिवळा पडलेला: १२ व्होल्ट, ०.४ अँपिअर. जुन्या मशिनातून काढलेल्या मोटरी नव्या म्हणून विकल्या होत्या.

दुकानात गेलो तर "आमचा मालच नाही हा" म्हणाला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावायचा तरी हातात बिल नाही.

तुम्ही मोटर घ्याल तेव्हा मल्टिमीटर खिशात ठेवा, काउंटरवरच कॉइल मोजा, मग पैसे काढा. कुणी मोजू देत नसेल तर तिथून निघा.

दुसरीकडून बिलासकट आणलेल्या मोटरी अडीच ओहम दाखवतात. व्हीरेफ पुन्हा ०.८ वर आणलाय. काल रात्री सोंडेची रेघ जिथं सुरू झाली तिथंच येऊन मिळाली.