ऑइल स्क्वर्टर ठेवून बांधलेलं १.८ टी: काही महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या ऑक्टाविया आरएसचं इंजिन उघडलं की मुंबईतले बरेच मिस्त्री पहिला सल्ला हाच देतात: पिस्टनखाली तेल फवारणारे ते जेट (ऑइल स्क्वर्टर) काढा, भोकं बुजवा, ऑइल प्रेशर वाढेल. या इंजिनात चारही जेट ठेवले. मूळचं १५० पीएसचं १.८ टी, म्हणजे १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, आता के०४ हा मोठा टर्बो, २६१८ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन आणि एच-बीम कनेक्टिंग रॉड यांवर २५० पीएसच्या घरात आहे. क्रँक मूळचाच, स्ट्रोक ८६.४ मिमी. आठवडाभर मुलुंड ते बीकेसी रांगायचं आणि रविवारी खंडाळ्याचा घाट, असा वापर. अशा गाडीत जेट काढायला एकही पटणारं कारण नाही, असं आता ठामपणे म्हणता येतं. मात्र ठेवायचे तर नीट तपासून ठेवावे लागतात. खरं काम तिथेच आहे.

पिस्टनच्या डोक्यावरची उष्णता बाहेर पडायला दोन मोठे रस्ते. एक रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीकडे, दुसरा खालून तेलात. टर्बो मोठा केला की पहिला रस्ता अपुरा पडू लागतो. अ‍ॅल्युमिनियम २५० अंशांच्या पुढे वेगाने ताकद सोडतं. आणि त्याच्या आधीच तापलेलं डोकं नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) सुरू करतं, मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. म्हणजे जेट काढल्याचा तोटा पिस्टन फुटेपर्यंत थांबत नाही, तो रोज थोड्याथोड्या ताकदीतून वसूल होत राहतो. शिवाय गजन पिनला (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) मिळणारं तेलही बरंचसं या फवाऱ्याचंच असतं.

आता प्रेशरचं बघू. १.५ मिमी तोंडाच्या जेटमधून ४ बार दाबाला मिनिटाला साधारण सव्वादोन लिटर तेल जातं. चार जेटचे नऊ लिटर. चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) असतं सुमारे साडेचार लिटर, म्हणजे सगळं तेल मिनिटाला दोनदा पिस्टनखाली! हा हिशेब ऐकून माणूस घाबरतो आणि मिस्त्रीचं म्हणणं पटू लागतं. पण या इंजिनात प्रत्येक जेटच्या बोल्टमध्ये स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आहे आणि तो १.३ ते १.६ बारच्या दरम्यान उघडतो. इथे गरम आयडलला गेज १.२ बारच्या आसपास असतो. तेव्हा जेट बंदच असतात. जे बंद आहे ते बुजवून आयडलचं प्रेशर कसं वाढणार? वरच्या आरपीएमला पंप गरजेपेक्षा जास्त तेल देतो आणि जादा तेल रिलीफ व्हॉल्व्ह परत सोडून देतो. गरम इंजिनात आरपीएम वाढवूनही गेज एका आकड्यावर अडून बसला, तर रिलीफ उघडतोय असं समजा. जेट तेव्हा त्या जादा तेलातलंच घेतात. आयडलला ऑइल प्रेशरचा दिवा लागत असेल तर आधी चेंबर खोलून पिकअपची (पंप तेल ओढतो त्या नळीची) जाळी बघा. या इंजिनाची जाळी काळ्या चिखलाने भरते, ही जुनीच ओळखीची खोड आहे. मग बेअरिंगचा गाळा (मोकळी फट), मग पंप. जेटवर संशय घ्यायचाच तर अडकून उघडा राहिलेल्या व्हॉल्व्हवर घ्या, आणि तो टेबलावर पाच मिनिटांत कळतो.

त्यासाठी बोल्ट डिझेलमध्ये धुवायचा, रेग्युलेटर लावलेली कॉम्प्रेसरची हवा द्यायची, तोंड तेलात बुडवून बुडबुडे बघायचे. १ बारला एकही बुडबुडा नको. दीडच्या आसपास उघडला पाहिजे, दाब कमी केला की पुन्हा मिटला पाहिजे. चारही बोल्ट एकमेकांच्या जवळपास उघडायला हवेत. एखादा गळत असेल तर तो बदला. स्प्रिंग ताणून जुगाड करू नका. बोल्ट आतून पोकळ आहे आणि त्याचा टॉर्क फक्त २७ न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजाने आवळला की एक तर तुटतो, नाही तर आतला व्हॉल्व्ह अडकतो.

सगळ्यात जास्त वेळ मागतं ते जेट आणि पिस्टनमधलं अंतर. मूळ पिस्टनच्या स्कर्टला (खालच्या भिंतीला) जेटसाठी खाच असते. बाहेरच्या फोर्ज्ड पिस्टनला ती असेलच असं नाही, आणि पिस्टन सगळ्यात खाली आला की स्कर्ट थेट जेटच्या नळीवर येतो. एच-बीमचा खांदाही मूळ रॉडपेक्षा रुंद. रॉड मागवताना पिन १९ मिमीची की २० मिमीची तेही मोजून घ्या, जुन्या १.८ टीमध्ये २० आणि नंतरच्यांत १९ असा फरक आहे. जुळणी करताना रिंगा न घालता पिस्टन-रॉड बसवा, जेटच्या नळीवर आणि टोकावर मुलांच्या खेळण्यातली क्ले लावा, क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि दबलेली क्ले ब्लेडने कापून मोजा. सगळीकडे निदान १.५ मिमी हवं. कमी भरलं तर स्कर्टला खाच पाडून घ्या, धार फाइलने मोडा आणि चारही पिस्टन पुन्हा वजन करून जुळवा. नळी वाकवून जागा करणं सोपं वाटतं, पण तसं केलं की फवाऱ्याचा नेम जातो.

नेम तपासायची खात्रीची पद्धत एकच. बेअरिंग बसवून झाल्यावर चेंबर लावायच्या आधी प्रायमिंगच्या (दाबाने तेल भरायच्या) टाकीने गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेत, ३ बारने तेल द्या, खाली ट्रे ठेवा आणि टॉर्च मारून बघा. चांगला जेट सुतासारखी सरळ, न फुटलेली धार सोडतो आणि ती पिस्टनच्या पोटात आदळून चहूकडे पसरते. वाकलेल्या जेटची धार स्कर्टच्या कडेला घासून पंख्यासारखी फुटते. इथे एका जेटचं तसंच होतं. बाहेरून बघताना तो अगदी सरळ वाटत होता. पिस्टन वर असताना आणि खाली असताना, दोन्हीकडे बघा, कारण बऱ्याच जेटची धार तिरकी असते.

ब्लॉक होनिंगला (सिलिंडर आतून घासून घ्यायला) देण्याआधी जेट काढूनच द्या. लेथवाला म्हणेल, राहू दे, काही होत नाही. होनिंगचा चुरा त्या बारीक तोंडात गेला की पहिल्या स्टार्टला जेट अर्धवट तुंबतो आणि त्या एकाच सिलिंडरचा पिस्टन तापतो. ब्लॉक धुताना गॅलरीच्या दोन्ही टोकांचे प्लग काढा, आत ब्रश फिरवा. इथे आळस नको.

आता वापराचं. तेल ५डब्ल्यू-४०, फोक्सवॅगनच्या ५०२ ०० मानकाचं. जेट पिस्टनची उष्णता तेलात आणून टाकतात, त्यामुळे तेलाचं तापमान वाढतं हे खरं आहे. ईस्टर्न फ्रीवेवर ते १०० अंशांच्या जवळ राहतं, खोपोलीहून खंडाळ्याकडे जोर लावून चढताना १२० ला टेकतं. फिल्टरजवळचा पाण्यावर चालणारा कूलर या ताकदीला काठावर पुरतो. उन्हाळ्यात घाट नेहमीचा असेल तर बाहेरचा कूलर लावा, पण थर्मोस्टॅट असलेल्या सँडविच प्लेटसकट (फिल्टर आणि ब्लॉकच्या मध्ये बसणारी). थर्मोस्टॅट नसेल तर पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांमध्ये तेल तापतच नाही आणि त्यात उतरलेलं पाणी, पेट्रोल उडून जात नाही.

थंड इंजिनात फोर्ज्ड पिस्टनची टकटक मूळ पिस्टनपेक्षा जास्त वेळ ऐकू येते. यात जेटचाही हात आहे: थंड तेलाचा दाब आयडललाही व्हॉल्व्ह उघडण्याइतका असतो, मग पिस्टन तापायच्या आतच त्याच्यावर गार तेल पडतं. फोक्सवॅगनच्या नंतरच्या ईए८८८ इंजिनाच्या तिसऱ्या पिढीत जेट ईसीयूच्या हुकमाने चालू-बंद होतात. मुंबईच्या हवेत ही टकटक दोनचार सिग्नलांपुरतीच.

तेल खाण्याबद्दल: जेटमुळे भिंतीवर तेल जास्त पडतं, पण ते खरवडणं ऑइल रिंगचं काम आहे. रिंगा बसेपर्यंत थोडं खाल्लं, नंतर दोन टॉप-अपमधलं अंतर लांबत गेलं. निळा धूर दिसला की लोक जेटला दोष देतात. आधी क्रँककेस व्हेंटिलेशनचे चेक व्हॉल्व्ह आणि नळ्या बघा, त्या पिचून चिकटलेल्या असतात. प्रत्येक सर्व्हिसला फिल्टर कापून घड्या उलगडल्या. पहिल्यात होनिंगची थोडी करडी धूळ होती, पुढच्यांत चमकणारं काही नाही.

काढावेत कधी? ९२.८ मिमीचा क्रँक घालून स्ट्रोकर (लांब स्ट्रोकचं इंजिन) करताना काउंटरवेट किंवा रॉड अडतोय आणि खाच पाडूनही १.५ मिमी मिळत नाही, तेव्हा. किंवा गाडी फक्त ड्रॅगची असेल, काही सेकंदांचा जोर आणि मग बंद. पण नुसतं बुजवून भागत नाही. पिस्टन मागवतानाच बनवणाऱ्याला जेट नाहीत हे कळवा. ८१ मिमीच्या २६१८ पिस्टनला टर्बोसाठी ०.०७५ ते ०.०९ मिमी गाळा साधारण दिला जातो. जेट नसतील तर पिस्टन जास्त फुगतो आणि हा गाळा वाढवावा लागतो. वरच्या रिंगचा ०.४० मिमीचा गॅपही तसाच वाढवावा लागतो. पिन बॉसला वरून तेलाचं भोक असलेलेच पिस्टन घ्या, आणि ट्यूनिंगमध्ये टायमिंग मागे ठेवा. भोक बुजवायला आटे पिच गेजने मोजून नागदेवी स्ट्रीटवरून त्याच आट्यांचे ग्रब स्क्रू (डोकं नसलेले) आणा, उच्च तापमानाच्या थ्रेड लॉकरने बसवा. लांबी इतकीच की टोक गॅलरीत शिरून तेलाची वाट अडवणार नाही. टेफ्लॉन टेप अजिबात नको, तिचा एक तुकडा सुटला तरी बेअरिंगचं भोक बंद होतं.

कुर्ल्याला भंगारातल्या इंजिनांचे जेट स्वस्तात मिळतात. नळ्या घ्यायला हरकत नाही, नेम तपासून वापरता येतात. व्हॉल्व्हचे बोल्ट मात्र नवेच घ्या.