लेट्यूसच्या हमी खरेदीत मी कसा फसलो

पिंपरीतील नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मुळशी तालुक्यात पौडजवळच्या वडिलोपार्जित जमिनीपैकी 20 गुंठ्यांवर मी शेडनेट उभारले आणि दोन वर्षे त्यात ढोबळी मिरची काढली. गेल्या वर्षी जानेवारीत एका कंपनीचे प्रतिनिधी शेतावर आले आणि आइसबर्ग लेट्यूस (सॅलडमध्ये कच्ची खातात ती, कोबीसारखा गड्डा धरणारी पालेभाजी) लावल्यास सगळा माल किलोला 60 रुपये दराने बांधावरून उचलण्याची लेखी हमी देतो, असे म्हणाले. रोपे मात्र त्यांच्याकडूनच घ्यायची होती. 16,000 रोपांचे प्रत्येकी साडेपाच रुपयांप्रमाणे 88,000 रुपये आगाऊ द्यायचे होते. शिवाय 25,000 रुपये अनामत, जी पहिल्या काढणीनंतर परत मिळणार होती. अनामतीच्या बदल्यात त्यांनी 25 जानेवारी ही तारीख घातलेला तेवढ्याच रकमेचा धनादेश माझ्या हाती दिला. त्या धनादेशामुळे मी निर्धास्त झालो.

करारापूर्वी त्यांनी मला मावळातील एक प्लॉट दाखवला होता. गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर, ठिबक, आणि हाताने दाबून पाहिले तर कोबीसारखे घट्ट लागणारे हिरवे गड्डे, असे ते दृश्य होते. तो शेतकरी आपला माल स्वतःच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला देतो आणि कंपनीशी त्याचा संबंध पाहुणे आणण्यापुरताच आहे, हे मला मे महिन्यात कळले. त्याची लागवड नोव्हेंबरातली होती, ही गोष्ट तर त्याने त्याच दिवशी सांगितली होती, पण तिचा अर्थ मला लागला नाही.

लेट्यूस हे थंडीचे पीक आहे. त्याला साधारण 15 ते 20 अंश तापमान मानवते. ऊन वाढले की झाड गड्डा भरण्याऐवजी मधला दांडा उंच सोडते, फुलोऱ्याकडे वळते आणि पाने कडू होतात. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारचा पारा सरासरी 38 अंशांच्या आसपास असतो आणि शेडनेट सावली देते, थंडी देत नाही. आठ दिवसांत येणारी रोपे प्रत्यक्षात 14 फेब्रुवारीला आली. लेट्यूसचे रोप साधारण 4 आठवड्यांचे, 4-5 पानांचे असताना लावायचे असते. ही रोपे ट्रेमधून ओढताना मुळांचा पांढरा गुंडाळा निघत होता, म्हणजे ती कधीच लावायला हवी होती. पावतीवर वाणाचे नाव किंवा बियाण्याचा लॉट क्रमांक यांपैकी काहीही नव्हते. तरीही मी ती उतरवून घेतली, कारण पैसे आधीच गेलेले होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे ‘गुणवत्ता अधिकारी’ आले. त्यांनी तीन गड्डे उभे चिरले, खिशातून प्लास्टिकची पट्टी काढली आणि आतल्या दांड्याला लावली. सर्वांत आखूड दांडा 9 सेंटिमीटरचा होता. करारनाम्याच्या तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, दांडा 4 सेंटिमीटरपेक्षा लांब असल्यास किंवा पानांच्या कडा करपलेल्या असल्यास माल नाकारण्याचा अधिकार कंपनीला होता. सुरीवर पांढरा चीक ओघळत होता. (लेट्यूसच्या शास्त्रीय नावातील ‘लॅक्टुका’ हा शब्द लॅटिनमधील दुधाच्या शब्दावरून आला आहे, ही माहिती मला नंतर मिळाली आणि तिचा आनंद काही झाला नाही.)

11 क्रेट घेऊन मी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलो. तिथल्या व्यापाऱ्याने एक पान तोंडात टाकून थुंकले आणि विचारले, “काका, उन्हाळ्यात आइसबर्ग लावायला सांगितलं कुणी?” जे पैसे मिळाले त्यांतून टेम्पोचे भाडेही सुटले नाही. उरलेला माल शेजाऱ्यांच्या गुरांना गेला. परतताना एका रोपवाटिकेत भाव विचारला, तर आइसबर्गचे रोप पावणेदोन रुपयांना होते.

हिशेब मांडून पाहिल्यावर सगळा प्रकार उघड झाला. कंपनीचा नफा माझ्या शेतात पहिले रोप लागण्यापूर्वीच झालेला होता आणि एप्रिलमध्ये निघणारा आइसबर्ग त्यांच्याच अटींत बसणे जवळजवळ अशक्य होते; म्हणजे 60 रुपयांची हमी त्यांना कधी पाळावी लागेल, अशी वेळच येणार नव्हती. पीक बिघडल्याने करार मोडला असे मी समजत होतो, पण पीक बिघडणे हाच त्या कराराचा पाया होता.

अनामतीसाठी फोन केला की “सर, या आठवड्यात एनईएफटी करतो, चेक टाकू नका, आमचे खाते खराब होईल,” असे उत्तर मिळे. मी थांबलो. 2 मे रोजी धनादेश भरला, तेव्हा बँकेने तो मुदतबाह्य म्हणून परत केला, कारण धनादेश तारखेपासून 3 महिनेच चालतो. मुदतीत भरून तो शिल्लक नसल्याने परत आला असता, तर 30 दिवसांत नोटीस देऊन परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली फिर्याद करता आली असती. तो मार्ग मी निव्वळ भिडेपोटी घालवला.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. शेतकरी हा ग्राहक ठरत नाही, असे कंपनीच्या वकिलांनी पहिल्याच उत्तरात लिहिले. परंतु बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच दिलेला आहे. तक्रारीची मुदत 2 वर्षे असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही.

असा प्रस्ताव आल्यास रोपांचा भाव दुसऱ्या रोपवाटिकेत विचारावा, नाकारण्याच्या अटी आणि लागवडीची तारीख एकाच कागदावर शेजारी मांडाव्यात आणि तो कागद शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. बिलावर वाण आणि लॉट क्रमांक नसेल, तर ट्रे उतरवूनच घेऊ नयेत. आमच्या भागातील आणखी दोघांकडे शब्दशः तोच करारनामा निघाला आहे. त्यांपैकी एकाच्या धनादेशाची मुदत संपायला अजून 12 दिवस आहेत आणि तो उद्या सकाळी बँकेत जाणार आहे.